मल्हारराव एक नव्हेत, चार

तुमच्या मराठा सरदारांच्या यादीत मल्हारराव होळकर या एकाच नावाच्या खात्यावर पानिपत आणि महिदपूर दोन्ही लढाया आल्या आहेत. ते वेगळं करायलाच हवं. मल्हारगंज म्हटलं की आम्हा इंदूरकरांना आठवतात ते थोरले सुभेदार, म्हणजे पानिपताच्या वेळचे पहिले मल्हारराव, १७६६ मध्ये आलमपूरला वारले. महिदपूर झालं डिसेंबर १८१७ मध्ये. तेव्हा गादीवर होते तिसरे मल्हारराव, यशवंतरावांचे चिरंजीव, अजून मिसरूडही न फुटलेले. त्या पोरवयातच मंदसोरचा तह त्यांच्या पदरी आला आणि मग राजधानी इंदूरला आली. मधले मल्हारराव म्हणजे तुकोजीरावांचे पुत्र. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १७९७ मध्ये पुण्यात त्यांना मारलं.

होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे घराण्यात मल्हार नि खंडेराव पुन्हा पुन्हा येणारच. पण बडोद्यालाही खंडेराव गायकवाडांच्या मागून १८७० मध्ये त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केला, हा त्यांच्यावरचा आरोप. चौकशीला तीन इंग्रज, तीन हिंदी सदस्य. त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही होते. सहा जणांचं एकमत झालं नाही, तरी १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलंच. माझ्या मते हा उघड अन्याय होता, पुढे त्यांच्या जागी आलेले सयाजीराव कितीही थोर निघाले तरी.

यादीत प्रत्येक मल्हाररावापुढे वडिलांचं नाव आणि मृत्यूचं साल घालाल का? यशवंतराव, तुकोजीरावांनाही तेच लागेल.