मदत हवी आहे : शाळेची पेटी आणि तबला दुरुस्त कुठे होईल?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली, लेक पाचवीत आहे. शाळेच्या कपाटात मागच्या आठवड्यात एक पेटी (हार्मोनियम) आणि तबल्याची जोडी सापडली. पेटीचा भाता दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलाय, आणि मध्य सप्तकातला पंचम, म्हणजे मधला ‘प’, एकदा दाबला की बोट उचललं तरी भोंग्यासारखा वाजतच राहतो. पोरं हसून हसून लोळली! डग्ग्याची पुडी (वरचं चामडं) फाटलेली, तबल्याच्या शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचे, टवके उडालेले. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि वर पत्रे, चामडं टिकणार तरी कसं?

जळगाव-भुसावळकडे पेटीचा भाता बदलून सूर लावून देणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? साधारण खर्च किती येईल? की जुनी सोडून सरळ नवीन साधी पेटी घ्यावी? दुकानदार स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर वर-खाली करता येणारी पेटी) गळ्यात मारतोय, पण लहान मुलांना त्याची गरज नाही असं मला वाटतं. चूक असेन तर सांगा.

दुसरं, शिकवणार कोण? गावातले भजनी मंडळाचे बाबा ठेका शिकवायला आनंदाने तयार आहेत. पण मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक (संगीताच्या पहिल्या) परीक्षेला बसवायचं तर अभ्यासक्रम माहीत असलेलं माणूस हवं. आठवड्यातून दोन दिवस, फैजपूर-सावदा भागातून कुणी येईल का? प्रवासखर्च आम्ही पालक देऊ. परीक्षा केंद्र जवळ कुठे आहे तेही कळवा.

बहिणाबाईंच्या ओव्या पोरांना पाठ आहेत, फक्त सूर धरायला पेटी नाही.