मदत हवी आहे : ब्रॉन्किएक्टॅसिस झालेल्या आईकडून कफ काढण्याचा व्यायाम रोज कसा करून घ्यावा?

माझी आई ६७ वर्षांची आहे. गेली आठ-नऊ वर्षे तिला खोकला आहे आणि सकाळी उठल्यावर घट्ट, पिवळसर कफ पडतो. इतके दिवस दमा समजून इनहेलर दिले जात होते आणि वरचेवर अँटिबायोटिकही चालू होत असे. पंधरा दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. अडीच महिन्यांपूर्वी छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांनी एचआरसीटी स्कॅन (फुफ्फुसांची बारीक चित्रे घेणारा सीटी स्कॅन) करायला सांगितले आणि दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागांत ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) असल्याचे निदान झाले. साध्या एक्स-रेमध्ये हा आजार पुष्कळदा दिसतच नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. लहानपणी तिला डांग्या खोकला झाला होता, त्याचा संबंध असू शकेल असे डॉक्टर म्हणाले. मात्र बऱ्याच रुग्णांमध्ये नेमके कारण सापडत नाही, हेही त्यांनी सांगितले.

मला जे समजले आहे ते लिहिते, चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे. श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांहूनही बारीक तंतू असतात आणि ते कफाचा पातळ थर सतत वर, घशाकडे सरकवत राहतात. मोठ्या संसर्गाने नलिकेची भिंत दुखावली की ती सैल होऊन कायमची रुंदावते, तंतूंचे काम मंदावते आणि कफ खालीच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे भिंत आणखी खराब होते. संशोधक पीटर कोल यांनी १९८६ मध्ये या आजाराची मांडणी अशा दुष्टचक्राच्या रूपात केली होती. रुंदावलेली नलिका सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून हे चक्र जिथे तोडता येईल तिथे तोडायचे, आणि घरच्या घरी आपल्या हातात असलेली जागा म्हणजे साचणारा कफ रोज बाहेर काढणे, असा अर्थ मी लावला आहे.

अडचण नेमकी इथेच आहे. फिजिओथेरपिस्टनी आईला श्वसनाचा एक क्रम शिकवला आहे : थोडा वेळ संथ श्वास, मग तीन-चार खोल श्वास घेऊन प्रत्येक वेळी क्षणभर रोखणे, आणि शेवटी घसा उघडा ठेवून जोराचा उच्छ्वास. हे दिवसातून दोनदा करायचे आहे. आई छाती भरल्यासारखी वाटली तरच करते. "आज कफ नाही, मग मुद्दाम कशाला खोकायचे? उगाच छाती दुखावेल," असे तिचे म्हणणे असते. एकदा कफात रक्ताची रेघ दिसली, तेव्हापासून ती व्यायामालाच घाबरते. तिची भीती मला खोटी वाटत नाही, त्यामुळे रागावून सांगणे जमत नाही. हा आजार असलेल्यांनी किंवा घरात असा रुग्ण सांभाळणाऱ्यांनी हा नेम कसा बसवला, ते जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक शंका आहे. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा आजार उसळला, तर ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दीर्घकाळ देण्याचा विचार करू, असे डॉक्टर म्हणाले. पण त्याआधी क्षयरोगाव्यतिरिक्तच्या मायकोबॅक्टेरियांसाठी (क्षयाच्या जंतूंच्या कुळातले इतर जंतू) थुंकीची तपासणी हवी, असा त्यांचा आग्रह आहे. घरातले काही जण "गोळीच तर आहे, आताच चालू करा" म्हणतात. थांबणे योग्यच आहे ना?

प्रतिसाद :

मला हा आजार १४ वर्षांपासून आहे. आधी तुमच्या शंकेबद्दल : थांबणे अगदी योग्य आहे. त्या जंतूंवरच्या उपचारात हेच औषध मुख्य असते आणि ते एकटेच दिले गेले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. सुरू करण्यापूर्वी ईसीजी आणि ऐकू येण्याबाबतही डॉक्टरांना विचारा.

तुमच्या आईंना "कफ आहे म्हणून काढा" असे सांगू नका. "साचू नये म्हणून काढायचा" असे सांगून पाहा. खालच्या भागांत साचलेला कफ मोठ्या नलिकांत येईपर्यंत जाणवत नाही, त्यामुळे छाती मोकळी वाटणे हा भरवशाचा पुरावा नव्हे. जोराचा उच्छ्वास म्हणजे आरशावर वाफ धरावी तसा "हाऽ" करणे. तो नीट जमला की घसा खरवडणारी ढास बरीच कमी होते आणि छातीही दुखत नाही. बहुधा आईंना हेच नीट जमत नसावे. फिजिओथेरपिस्टसमोर एकदा पुन्हा करून दाखवायला सांगा. मी श्वास मोकळा करणारा इनहेलर आधी घेते, मग डॉक्टरांनी दिलेल्या खारट द्रावणाचे नेब्युलायझर आणि त्यानंतर व्यायाम. हे द्रावण काही जणांना छाती आवळल्यासारखे करते, म्हणून त्याची पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी.

रक्ताची रेघ संसर्गाच्या दिवसांत या आजारात दिसू शकते, तरीही दर वेळी डॉक्टरांना कळवा. ताजे लाल रक्त अधिक प्रमाणात पडले, तर व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

माझा स्वतःचा नेम वहीमुळे टिकला. रोज सकाळी कफाचा रंग आणि अंदाजे किती चमचे, एवढेच लिहिते. आपला नेहमीचा रंग कोणता हे कळले की बिघाड दोन दिवस आधी लक्षात येतो आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी थुंकीचा नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून ते कोणते हे ओळखण्याच्या तपासणीसाठी) देता येतो. त्यासाठी निर्जंतुक डबी घरी आणून ठेवा.