मोदो क्लब 'संपला' म्हणणाऱ्यांना उत्तर

उमेओकर:
काल 'हिशेबनीस' यांनी इथे लिहिलं की स्वीडनमधल्या ओर्नशोल्ड्सविकचा मोदो हा आइस हॉकीचा क्लब संपल्यात जमा आहे. चार गुणी पोरं योगायोगाने एका गावात जन्मली, क्लबला फुकटचं पुण्य मिळालं, आणि आता 2025 मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरल्यावर असल्या छोट्या गावांनी मोठ्या लीगचा नाद सोडावा. वाचून रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी त्या गावापासून रेल्वेने तासाभरावर राहतो. शहराची वस्ती तीसेक हजार. समोर समुद्राची खाडी, गावाच्या मध्येच स्की-उडीची टेकडी. पीटर फोर्सबर्ग आणि मार्कुस नॅस्लुंड 1973 च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने इथे जन्मले, हेन्रिक आणि डॅनियल सेदीन हे जुळे 1980 मध्ये. जन्म योगायोगाने झाला, मान्य. पण त्यांच्या आधी याच गावातला खेळाडू आंदर्स हेडबर्ग, जन्म 1951. त्यांच्या नंतर व्हिक्टर हेडमन, जन्म 1990. चाळीस वर्षं योगायोग चालतो? एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगमध्ये, मोसमात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आर्ट रॉस ट्रॉफी देतात. फोर्सबर्गला 2003 मध्ये, हेन्रिकला 2010 मध्ये, डॅनियलला 2011 मध्ये. तिघेही मोदोचे. जगातल्या किती महानगरांना हे जमलंय?

हिशेबनीस:
खेळाडू घडवणं वेगळं आणि क्लब चालवणं वेगळं, एवढंच मी म्हटलं होतं. 1921 पासूनच्या क्लबकडे पुरुषांची विजेतेपदं किती? दोन, 1979 आणि 2007. 2004-05 मध्ये एनएचएल बंद होती तेव्हा फोर्सबर्ग, नॅस्लुंड आणि दोन्ही सेदीन मोदोकडून खेळले. चौघे एका संघात! तरी कप फ्रोलुंडाने नेला. 2016 मध्ये लेक्सांदविरुद्ध सातव्या सामन्यात हरून खाली, 2023 मध्ये वर, दोन वर्षांत परत खाली. शेजारचं शेलेफ्तेओ बघा, विजेतेपदं चार: 1978, 2013, 2014, 2024.

उमेओकर:
शेलेफ्तेओ काय महानगर आहे? तेही तेवढंच गाव! म्हणजे छोट्या गावांनी नाद सोडावा हा तुमचा मुद्दा तुम्हीच खोडलात. आणि 2007 मध्ये त्या चौघांपैकी संघात कोण होतं? कोणी नाही. गावात जन्मलेला, एनएचएल खेळून घरी परतलेला निक्लास सुंडस्ट्रॉम होता. 2023 मध्ये वर चढताना अंतिम फेरीत कोणाला हरवलं? राजधानीच्या यूरगोर्डनला, ज्यांच्याकडे स्वीडनमधली सर्वांत जास्त विजेतेपदं आहेत. तेही खाली घसरलेच होते ना? त्यांना कोणी म्हणालं का, नाद सोडा?

हिशेबनीस:
शेलेफ्तेओचं उदाहरण माझ्याच अंगावर आलं, ठीक आहे. यूरगोर्डन मात्र 2025 मध्ये वर गेलं, आणि त्याच वर्षी मोदो खाली आलं. तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

परळकर:
तुम्ही दोघं वर-खाली मोजत बसलात, मला नावाचाच प्रश्न पडलाय. मूळ क्लब आल्फ्रेडशेम. 1963 मध्ये मो ओक डोम्शो या लाकूड-लगद्याच्या कंपनीचं नाव लावून मोदो झाला. जुन्या रिंकचं नाव केम्पेहालेन, तेही मालकांच्या घराण्यावरून. गावाचा क्लब कसला? कंपनीचा क्लब.

माझे वडील परळच्या गिरणीच्या संघात कबड्डी खेळायचे. सकाळची पाळी करून संध्याकाळी मैदानावर. संघात होते म्हणून नोकरी, नोकरी होती म्हणून संघ. 1982 चा संप झाला आणि दोन्ही एकदमच गेलं. त्यांची बनियन आईने कपाटात ठेवली होती, छातीवर गिरणीचं नाव. धुऊन धुऊन अक्षरं उडाली, फक्त शिलाईची भोकं उरली. कंपनीच्या नावावर जीव टाकणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी घरात पाहिलंय. त्यामुळे 'गावाचा अभिमान' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं.

दोन पोरांची आई:
परळकर, वाचून पोटात कालवलं. पण लहान गावाचा क्लब म्हणजे काय ते मलाही सांगू द्या. आम्ही आधी मोठ्या शहरात होतो. थोरला नऊ वर्षांचा असताना तिथल्या क्लबने मुलांचे दोन गट केले, चांगले आणि बाकीचे. हा बाकीच्यांत. सामन्याला न्यायचे, बाकावर बसवायचे, परत आणायचे. गाडीत तो बूट न सोडताच बसायचा. मी पुढच्या सीटवरून मागे वळून लेस सोडायला गेले तर पाय ओढून घ्यायचा. नंतर आम्ही उत्तरेला लहान गावी आलो. इथे मुलंच इतकी कमी की प्रत्येकाला बर्फावर उतरावंच लागतं. शनिवारी सकाळी सातला रिंक, बोटं गारठलेली, बारा मुलांच्या लेस आम्ही चार आया बांधतो. मग टपरीवर सॉसेज विकायची पाळी, क्लबसाठी दारोदार टॉयलेट पेपर विकायची पाळी. सगळं करते. मुलगा खेळतोय.

हिशेबनीस:
ताई, तुमच्या मुलावर अन्याय झाला यात वाद नाही. पण एका मुलाच्या अनुभवावरून...

दोन पोरांची आई:
एका मुलाच्या म्हणजे? माझा मुलगा आहे तो! कोण किती वेळा जिंकला हे मांडायचं तर मांडा, पण नऊ वर्षांच्या पोराला 'बाकीचे' म्हणणाऱ्या क्लबांकडे कप असतील तर मला त्यांचं कौतुक नाही.

उमेओकर:
ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि कपच मोजायचे तर मोदोच्या मुलींचा 2012 चा का नाही मोजला, हिशेबनीस?

आता परळकर. तुमच्या दुःखावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण दोन्हीकडची गोष्ट एकच नाही. ती कंपनी 2000 मध्ये नाव बदलून होल्मेन झाली. डोम्शोचा लगद्याचा कारखाना पुढे विकला गेला, आणि 2011 मध्ये कोणी घेतला? आदित्य बिर्ला समूहाने, ज्यांचं मुख्यालय तुमच्या वरळीत आहे. तिथल्या स्प्रूस आणि पाइनच्या लगद्याचा व्हिस्कोस धागा होतो. म्हणजे जिचं नाव घेतलं ती कंपनी त्या नावाने आज गावात नाही, कारखान्याचे मालक दुसरे, आणि क्लब अजून मोदोच. कारण स्वीडनमध्ये क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांकडेच ठेवावं लागतं. मालक उठला आणि संघ बंद करून गेला, असं तिथे होत नाही.

परळकर:
बिर्लांचं खरंच माहीत नव्हतं. म्हणजे तिकडच्या लाकडाचा मालक मुंबईत, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या जागी टॉवर. तरी मी म्हणेन, नाव बदलून गावाचं करायला हवं होतं. पंचवीस वर्षं झाली.

उमेओकर:
का बदलायचं? बर्फावर घसरून पडलेल्या पोरांनी ते नाव कमावलंय. कंपनीने दिलं असेल, आता त्यांचं आहे.

परळकर:
सभासदांच्या मतांचा तो नियम मात्र आमच्याकडे असता तर... जाऊ दे. वडील आज ऐंशीचे आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "सभासद म्हणजे कामगारच ना?" मी म्हटलं, तिथे कोणीही होऊ शकतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, वर्गणी किती.

हिशेबनीस:
मुलींचा 2012 चा कप मोजायला हवा होता, चूक झाली. क्लब नीट चालवला गेला नाही या मतावर मी ठाम आहे. 'संपला' हा शब्द मागे घेतो.