घरकुल मंजूर, जागा नावावर नाही. निवेदनात नेमकं काय मागावं?

बोरीकाठचा गवंडी

रामराम मंडळी. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठी आमचं गाव. मी गवंडीकाम करतो, बायको निंदणीला आणि कापूस वेचायला जाते. आम्ही राहतो ते दोन खण माझ्या आजोबांनी गावठाणाबाहेर गायरानावर उभे केले. आधी मातीचं धाबं होतं. ते एका पावसाळ्यात बसलं, तेव्हापासून पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी आत थांबता येत नाही, आई समोरच्या निंबाखाली बाज टाकून बसते.

घरकुलाच्या यादीत नाव आलं. कागद घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, जागेचा उतारा आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घराची नोंद आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, पण जागा सरकारची. फाईल तिथेच थांबली. आई एवढंच म्हणाली, "घर शे, पन जागा नही."

येत्या ग्रामसभेत आम्ही अकरा घरं मिळून निवेदन देणार आहोत. तेच पुढे आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना जाईल. गावातले काही जण म्हणतात, आपली नावं पुढे सरकवा एवढंच मागा. मला ते पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा खडी फोडायला जायचे. तेव्हा रोजगार हमी ही नुसती योजना होती. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि मजुराला हक्काने सांगता आलं, काम मागितलंय, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. घराच्या बाबतीत असं का नाही? इंदिरा आवास झाली, रमाई, शबरी झाली, आता प्रधानमंत्री आवास आहे. पण मला घर द्यायला कोण बांधील आहे आणि किती दिवसांत, हे मला एकाही कागदावर सापडलं नाही.

म्हणून आम्हाला कायदाच मागायचा आहे. जाणकारांनी सांगावं, त्यात काय काय लिहू?

निवृत्त ग्रामसेवक, शिरपूर

गवंडी भाऊ, आधी जागेचं बोला, कारण घरकुलं अडतात ती तिथेच. भूमिहीन लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे, तिचा अर्ज आजच करा. ५०० चौरस फुटांपर्यंत जागेसाठी पूर्वी ५० हजार मिळायचे, आता मर्यादा १ लाख आहे. पण गावठाणाला लागून त्या पैशात जागा विकणारा भेटला पाहिजे. माझ्या नोकरीत ५० हजारांत जागा घेतलेला एकच लाभार्थी मी पाहिला, आणि त्याला ती सख्ख्या भावाने दिली होती.

गायरानाबद्दल लोक तुम्हाला घाबरवतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये पंजाबच्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, हे खरं आहे. त्याच निकालात शेवटी असंही आहे की भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने जमीन भाडेपट्ट्याने दिली असेल, तर अशा अपवादात नियमित करता येईल. म्हणजे सरकारने ठरवलं तर वाट आहे. ग्रामसभेच्या ठरावात "अतिक्रमण नियमित करा" एवढंच लिहू नका. कुटुंब भूमिहीन आहे, किती वर्षांपासून राहतं, दुसरीकडे घर नाही, हे प्रत्येक घराचं वेगळं लिहा. मोघम ठराव वर गेला की परत येतो. मी असे बरेच परत आलेले पाहिलेत.

जळगावची भाडेकरू

दादा, शहरातल्या बायांचंही यात येऊ द्या. मी चार घरी धुणीभांडी करते. पत्र्याच्या एका खोलीचं भाडं ३,५०० आणि लाईट वेगळी. नऊ वर्षांत सहा खोल्या बदलल्या. एकाही मालकाने करारनामा केला नाही. खोली खाली कर म्हटलं की आठ दिवसांत सामान उचलायचं, पोरीची शाळा तेवढ्यासाठी दोनदा बदलली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेखी, नोंदवलेला करार करून देणं मालकाचं काम आहे, हे मला मागच्या वर्षी कळलं. मी मागितला तर दुसरी खोली बघायला सांगितलं.

मी कामाला जाते त्यातल्या एका घरच्या बाई नगररचनेचं काम करतात, त्यांनी आणखी एक सांगितलं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर घरं बांधली तर २० टक्के लहान घरं गरिबांसाठी ठेवायची, असा नियम आहे. पण तो १० लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या थोडं वर आणि धुळे पावणेचार लाख. म्हणजे अख्ख्या खान्देशात तो कुठेच लागू नाही. इथे रोज नवीन इमारत उठते. त्यातली वीस टक्के सोडा, एक घर तरी आमच्यासारखीला का नसावं?

धुळ्याचे वकील

ताईंनी मांडलेला मुद्दा निवेदनात घ्याच. लोकसंख्येची अट खाली आणायला विधानसभेत जावं लागत नाही, नगरविकास खातं नियम बदलू शकतं. हा बदल लवकर होण्यासारखा आहे.

गवंडी भाऊ, तुमची रोजगार हमीशी केलेली तुलना मला योग्य वाटते. निवारा हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग प्रकरणात १९९५ सालीच म्हटलंय. तरी तुम्ही मला विचाराल की या निकालावर उद्या कोणत्या टेबलावर अर्ज देऊ, तर मी टेबल दाखवू शकत नाही. राज्याने मे २०२५ मध्ये "माझे घर, माझा अधिकार" या नावाचं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं. नाव चांगलं आहे, पण धोरण मोडलं म्हणून दाद मागणं फार अवघड. कायद्यात मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील ही तिन्ही लिहिता येतात.

ओडिशाचं उदाहरण जरूर द्या. २०१७ मध्ये त्यांनी शहरी झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला, आणि सुरुवात लहान गावांतून, नगरपरिषदांपासून केली. मिळालेली जागा वारसांकडे जाते, तारण ठेवून कर्ज काढता येतं, विकता मात्र येत नाही. चोपडा, पारोळा, शहादा यांच्या आकाराच्या गावांना हे जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर हा कायदा पुढे ठेवा.

बोरीकाठचा गवंडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीने वहीत कच्चा मसुदा लिहिला. पहिली मागणी: भूमिहीन कुटुंबाने अर्ज केल्यापासून ठरलेल्या मुदतीत जागा द्यावी, ती नवरा-बायको दोघांच्या नावावर असावी, आणि नाकारली तर कारण लेखी द्यावं. ताईंची वीस टक्क्यांची आणि करारनाम्याची मागणी घेतली आहे. ओडिशाही घेतलं.

एक मागणी मी माझ्या धंद्यातून घातली. २०१६ ला ग्रामीण घरकुलाचे १ लाख २० हजार ठरले. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ फूट बांधकाम. मी स्वतः गवंडी, माझी मजुरी धरत नाही, तरी वीट, वाळू, सिमेंट, सळई आणि सेंट्रिंग धरून माझा हिशेब अडीच लाखांच्या खाली येत नाही. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांची भर जाहीर केली, ते बरं झालं. पण दर वेळी घोषणेची वाट का बघायची? आम्ही लिहिलंय, रक्कम बांधकाम खात्याच्या दरसूचीला बांधा, दर वाढले की अनुदान आपोआप वाढू द्या. लोकांची घरकुलं मी जोत्यावर अडलेली पाहिली आहेत, हप्ता संपलेला आणि चार सळया आभाळाकडे उभ्या. त्यातल्या एका जोत्यावर म्हातारी अजून ताडपत्रीखाली राहते.

ग्रामसेवक काका, अकरा घरांची वेगवेगळी माहिती आज संध्याकाळपासून गोळा करतोय. घरपट्टीची सर्वांत जुनी पावती कुणाकडे आहे ते आधी बघतो. आमच्याकडची १९८६ ची आहे.