ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर दशांशाचा अपूर्णांक : तुमचे प्रोग्राम, तुमचे अनुभव

टीआय-८४ प्लसच्या 'मॅथ' मेनूत 'फ्रॅक' (दशांशाचा अपूर्णांक करणारा) हा पहिलाच पर्याय. पण छेद ९,९९९ च्या पुढे गेला की तो दशांशच परत दाखवतो. म्हणून लोक स्वतःचा प्रोग्राम लिहितात. तुमची रीत कोणती आणि ती कुठे अडते, तेवढं नेमकं लिहा.

छेदगामी
छेद १ पासून वाढवत न्या, संख्येला त्याने गुणा, गुणाकार पूर्णांक आला की थांबा. मात्र 'एफपार्ट (दशांश चिन्हापुढचा भाग) शून्य आहे का' अशी अट घालू नका. १/३ चे आत १४च अंक असतात, त्यामुळे तिप्पट करूनही नेमका १ येत नाही आणि लूप ३ वर थांबत नाही. गुणाकार वजा त्याचं 'राउंड' (जवळचा पूर्णांक), याचं 'ॲब्स' (चिन्ह सोडून किंमत) ०.००००००१ हून कमी आहे का ते पाहा. छेद चार आकडी असला की ६ मेगाहर्ट्झच्या टीआय-८३ प्लसवर बसून राहावं लागतं, हे आहेच.

वितत
@छेदगामी, मग वितत अपूर्णांक (कंटिन्यूड फ्रॅक्शन) घ्या ना. सुरुवातीला अंश १, मागचा अंश ०. छेद ०, मागचा छेद १. दर फेरीत संख्येचं 'इंट' (तिच्याहून मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक) काढा. त्याने चालू अंशाला गुणून मागचा अंश मिळवा, की नवा अंश आला, छेदाचंही तसंच. मूळ संख्येशी फरक १० चा उणे १० वा घात याहून कमी असेल तर थांबा, नाहीतर 'इंट' वजा करून उरलेल्याचा व्यस्त घ्या आणि पुढची फेरी. ०.४०५४०५… ला ०/१, १/२, २/५, १५/३७. चार फेऱ्यांत काम झालं. वरच्या रीतीने ३७ लागल्या असत्या.

फरकाची तपासणी व्यस्ताच्या आधीच हवी. २.५ ला दुसऱ्या फेरीत बाकी शून्य उरते आणि शून्याने भागल्याची एरर येते. ७ च्या जागी ६.९९९९… आलं आणि 'इंट'ने ६ दिला तरी बिघडत नाही. पुढच्या फेरीत १ येतो आणि अपूर्णांक तोच निघतो.

ऋण संख्येला 'इंट'च ठेवा: -२.४ चं -३ होतं, शेवटी -१२/५ बरोबर येतं. 'आयपार्ट'ने (नुसते दशांश अंक छाटून) मध्येच ५/-२ दिसतं.

सहजच
सहनशीलता (चालवून घ्यायचा फरक) फार सैल नको. १० च्या उणे ६ व्या घातावर पायचं (π) उत्तर ३५५/११३ येतं आणि पाय परिमेय असल्यासारखा वाटतो.

मसावि
हातातला दशांश आवर्ती आहे हे माहीत असेल तर एवढा खटाटोप कशाला? ०.५८३३३… : ५८३ वजा ५८, भागिले ९००. 'जीसीडी' (मसावि) ७५, उत्तर ७/१२. छेदात आवर्ती अंकांइतके ९, मग अनावर्ती अंकांइतकी शून्यं. सगळं पूर्णांकांत, राउंडिंगचा प्रश्नच नाही.

छेदगामी
@वितत, पटलं. एक भर: स्क्रीनवरचे १० अंक पुन्हा टाइप करू नका, 'आन्स' (मागचं उत्तर) द्या, नाहीतर शेवटचे ४ गळतात. आणि संख्या एक्स या चलात ठेवू नका; आलेख काढला की एक्सची किंमत बदलते.