वडिलांच्या कॅसेटी आणि तबकड्या संगणकावर घेताना सुरुवात कोठून करावी?

मारवा:
नमस्कार. वडिलांनी चाळीस वर्षे जमवलेला संगीतसंग्रह आता माझ्याकडे आला आहे. त्यात सुमारे २०० कॅसेटी, ५० एलपी, ७८ फेऱ्यांच्या वीसेक तबकड्या आणि शंभरावर सीडी आहेत. यांपैकी तीसेक कॅसेटींवर घरगुती बैठकी आणि आकाशवाणीवरील मैफली त्यांनी स्वतः मुद्रित केल्या होत्या. नमुन्यादाखल पाच कॅसेटी मी एका दुकानात रूपांतरासाठी दिल्या. त्यांनी खरखर काढून एमपी३ फायली दिल्या खऱ्या, परंतु खरखरीबरोबर तानपुऱ्याचा झंकारही गेला आणि गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला. म्हणून हे काम घरीच करावे असे ठरवले आहे. सीडी सोप्या आहेत, तर आधी त्या उरकाव्यात का? आणि फायली कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात?

जुना श्रोता:
सीडी शेवटी घ्याव्यात. बाजारात विकली गेलेली सीडी खराब झाली तरी तेच मुद्रण दुसऱ्या कोणाकडे तरी सापडते. आपल्या घरच्या बैठकीची कॅसेट मात्र जगात एकच आहे आणि तिची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खालावत आहे. त्यामुळे त्या तीस कॅसेटींपासूनच आरंभ करावा. सीडींपैकी फक्त घरी लिहिलेल्या सीडी-आर लवकर उतरवाव्यात, कारण त्यांतील रंगद्रव्य काळाच्या ओघात फिके पडते.

कॅसेट लावण्यापूर्वी प्लेअरचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ करावे. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट बाजूला ठेवावी, अन्यथा बुरशी हेडमार्गे इतर कॅसेटींपर्यंत पोहोचते. प्लेअरची जोडणी संगणकाच्या माइकच्या खाचेत न करता लाइन-इनमध्ये करावी. ती खाच नसेल तर यूएसबीवर चालणारे छोटे साउंड कार्ड घ्यावे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर मुद्रणासाठी पुरेसे आहे. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण केल्यास तासाला साधारण १ जीबी जागा लागते, आणि फ्लॅक या फाइलच्या स्वरूपात साठवल्यास आवाजात काहीही न गमावता ती बरीच कमी होते. पातळी अशी ठेवावी की समेवरचा जोरकस ठेकाही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही.

खरखरीविषयी माझे मत ठाम आहे: पहिली फाइल जशी उतरली तशीच कायम जपावी आणि सफाईचे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत. तानपुऱ्याचे वरचे स्वरांश आणि फितीची सरसर एकाच पट्ट्यात मिसळलेली असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्यांतला भेद कळत नाही. दुकानात नेमके हेच घडले असावे.

काळी चार:
वरील सूचनांत वेगाचा मुद्दा जोडतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी लागते, पण जुन्या प्लेअरचा रबरी पट्टा सैल झालेला असतो किंवा मोटर बिघडलेली असते. वेग ६ टक्क्यांनी वाढला की स्वर जवळजवळ एक पट्टी चढतो, म्हणजे पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक शेजारच्या पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. जी मैफल आपल्याकडे कॅसेट आणि सीडी अशा दोन्ही रूपांत असेल, ती दोन्हींवर लावून तानपुऱ्याचा षड्ज जुळतो का ते पाहावे आणि प्लेअर दुरुस्त झाल्यावरच मुद्रणाला बसावे.

मारवा:
मनःपूर्वक आभार; हे मला सुचलेच नव्हते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एलपीच्याच सुईने वाजवता येतील का?

जुना श्रोता:
कृपया वाजवू नका. त्या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच अधिक उचलते. सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी मिळते, ती घ्यावी. या तबकड्या लाखेच्या असल्यामुळे त्या अल्कोहोलने कधीही पुसू नयेत, लाख त्यात विरघळते. मुद्रण करताना शेवटची काही सेकंदे कापू नयेत, कारण त्या काळातील काही कलावंत गाणे संपताच स्वतःचे नाव सांगत असत.

काळी चार:
फायलींची नावे पहिल्या दिवसापासूनच नीट द्यावीत. फ्लॅकमध्ये माहितीचे रकाने आपल्याला हवे तसे करता येतात आणि ते देवनागरीत भरता येतात. मी राग, ताल, साथीदार आणि मुद्रणाचे ठिकाण असे चार रकाने ठेवले आहेत. कॅसेटच्या कागदावर वडिलांच्या हस्ताक्षरात जे लिहिले असेल त्याचे छायाचित्र काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. शक्य असेल तर त्या बैठकींना हजर असलेल्या वडिलांच्या मित्रांना फायली ऐकवाव्यात, कारण तबल्यावर कोण होते हे आज फक्त त्यांनाच सांगता येईल.