घरासाठी मूळ चित्र, पण आवाक्यातल्या किमतीत: कुठे शोधावे?

प्रश्न (कोरी भिंत):
दिवाणखान्यातील एका भिंतीवर छापील पोस्टर न लावता कोणीतरी प्रत्यक्ष हाताने केलेले काम लावावे, अशी इच्छा आहे. कलादालनांतील किमती मला परवडणाऱ्या नाहीत, आणि 'हाताने रंगवलेले' म्हणून ऑनलाइन जे विकले जाते ते बहुतेक एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसते. अशी चित्रे आणखी कोठे मिळू शकतात? आणि समोरचे चित्र मूळ आहे की छापील प्रत, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसाने कसे ओळखावे?

प्रतिसाद (तिरकी रेघ):
कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांचा सल्ला आपल्याला सगळेच देतील, आणि तो योग्यच आहे; तेथे गेल्यावर भिंतीवरच्या मोठ्या कामापाशी न थांबता त्याची पूर्वतयारीची रेखाटने विकायची आहेत का, एवढे विचारावे. फ्रेम करणाऱ्यांकडेही चौकशी करावी, कारण फ्रेमसाठी दिलेली आणि कोणी परत न नेलेली चित्रे त्यांच्याकडे पडून असू शकतात.

मला स्वतःला मात्र जी चित्रे 'कला' म्हणून केलीच गेली नव्हती, त्यांचा शोध अधिक फलदायी वाटतो. पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी काढलेली मूळ चित्रे, नाटकाच्या नेपथ्याचे आणि वेशभूषेचे आराखडे, कापडावरील नक्षीसाठी कागदावर रंगवलेले नमुने, संगणकापूर्वीच्या काळात वास्तुरचनाकारांनी हाताने रंगवलेली इमारतींची दृश्ये: ही सारी कामे उत्तम हातांची असतात आणि काम संपल्यावर अडगळीत जातात. छपाईसाठी काढलेल्या मूळ चित्राला जवळून पाहावे. समासात संपादकाने पेन्सिलीने लिहिलेली मापे, कापण्याच्या खुणा, चुकलेली रेघ झाकण्यासाठी लावलेला पांढऱ्या रंगाचा किंचित उठलेला थर, हे सगळे तेथे सापडते. काही जण फ्रेम करताना हा समास झाकून टाकतात. माझ्या मते तो दिसलाच पाहिजे.

प्रतिसाद (भिंगवाला):
ओळखण्याविषयी लिहितो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ बाळगावे. पुस्तके-पोस्टरांच्या नेहमीच्या ऑफसेट छपाईत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके शिस्तीत मांडलेले दिसतात, तर इंकजेट छपाईत फवारल्यासारखे अतिसूक्ष्म कण दिसतात. हाताने रंगवलेल्या चित्रात यांपैकी काहीच नसते. कॅनव्हासवरील छपाईवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ब्रशचा आभास निर्माण केला जातो. अशा वेळी चित्रावर बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहावे. उंचवटे एका दिशेने जातात आणि रंगांच्या कडा भलतीकडे, असे दिसले की शंका घ्यावी.

'छापील' म्हणून सरसकट सगळेच नाकारू नका, एवढी मात्र विनंती आहे. काष्ठछाप (लाकडी ठशावरून), एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून), शिळाछाप (दगडावरून) ही मुद्राचित्रे मूळ कलाकृतीच मानली जातात, आणि एका ठशावरून अनेक प्रती निघत असल्याने ती त्याच चित्रकाराच्या कॅनव्हासपेक्षा सहसा बरीच स्वस्त असतात. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या काळातही मुद्राचित्रे जत्राबाजारांत विकली जात. त्याची पत्नी आग्नेस ती घेऊन फ्रँकफुर्टच्या जत्रेला जात असे. एचिंगमध्ये धातूचा पत्रा ओलसर कागदावर दाबला गेल्यामुळे चित्राभोवती त्याच्या कडांचा खोलगट ठसा राहतो, जो बोटाला जाणवतो. खाली पेन्सिलीने '12/50' लिहिलेले असेल, तर ती 50 प्रतींच्या आवृत्तीतील 12 क्रमांकाची प्रत समजावी. परंतु साध्या छायाप्रतींवरही असे आकडे आणि सह्या घालून त्या विकल्या जातात, त्यामुळे आकड्यापेक्षा भिंगावर भिस्त ठेवलेली बरी.

प्रतिसाद (दोन खोल्या):
न्यूयॉर्कमधील हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल हे दांपत्य पाहा. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारावर घर चालायचे आणि त्याच्या पगारातून चित्रे घेतली जायची. किंमत परवडणारी हवी आणि काम त्यांच्या छोट्या घरात मावणारे हवे, या मुख्य अटी. ते थेट चित्रकारांच्या स्टुडिओत जात आणि नाव झालेले नसतानाच काम विकत घेत. असे जमवलेले हजारो नग असलेला त्यांचा संग्रह सोपवण्यासाठी 1992 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या संग्रहालयाशी करार झाला. अर्थात भाव वाढेल या आशेने चित्र घेऊ नये. बहुतेक चित्रांचा भाव वाढत नाही.

विद्यार्थ्यांशी घासाघीस करू नये, असेही मला वाटते. परवडत नसेल तर हप्ते किंवा लहान आकाराचे काम मागावे. पावतीवर चित्रकाराचे नाव, वर्ष आणि माध्यम लिहून घ्यावे.

कोरी भिंत:
सर्वांचे आभार. जुन्या छपाईच्या चित्रांची आणि आराखड्यांची कल्पना फार आवडली. पण माझ्या या भिंतीवर दुपारनंतर ऊन येते. जुने, कागदावरचे काम तेथे लावलेले चालेल का?

प्रतिसाद (भिंगवाला):
नाही. जलरंग आणि रंगीत शाई उन्हात विटते, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. संग्रहालये कागदावरील नाजूक कामांसाठी प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेडाचे माप) ठेवतात. अतिनील किरणे अडवणारी काच लावली तरी झीज केवळ मंदावते. कागदाचे काम आतल्या भिंतीवर लावावे, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लमुक्त घ्यावा आणि काच चित्राला टेकू देऊ नये. उन्हाच्या भिंतीसाठी भाजलेल्या मातीचे किंवा धातूचे उठावशिल्प शोधा. कुंभारकामाच्या कार्यशाळांच्या वार्षिक विक्रीत तशी कामे मिळू शकतात.